सैनिकाचे निवृत्तिवेतन आणि कर्जाची जप्ती

पुण्याकडून बंगळूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, बेळगाव शहर येण्यापूर्वी, काकती हे गाव लागते. कित्तूरच्या राणी चन्नम्मेचे हे जन्मगाव. येथून काही मैलांवर, बेळगावच्या कॅम्पात, मराठा लाइट इन्फंट्रीचे शिक्षणकेंद्र १९२२ सालापासून आहे. त्यामुळे पलटणीची नोकरी आणि नोकरीनंतरची पेन्शन या दोन्ही गोष्टी या टापूतील घरांना परक्या नाहीत. दुर्दैवाने, त्या पेन्शनीवर डोळा ठेवून दिलेले कर्ज हीही गोष्ट त्यांना परकी नाही.

साध्या शिपायाला पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शनीचा हक्क मिळतो. म्हणजे इतर नोकरदार बढतीची वाट पाहत असतात, त्या वयात तो घरी परततो. मुले शाळेत असतात, घर बांधावयाचे असते, बहिणीचे किंवा मुलीचे लग्न समोर असते. पेन्शनीचा निम्म्यापर्यंतचा हिस्सा सरकारला विकून त्याला एकरकमी पैसा घेता येतो. पण तो हिस्सा पुढे पंधरा वर्षे दरमहा कापला जातो. एकरकमी पैसा घरात आणि लग्नात संपतो. हाती उरते ती उणी झालेली पेन्शन. मग कर्ज येते. कधी ते स्वतःसाठी असते, तर कधी भिडेखातर दुसऱ्याला जामीन राहिल्याने अंगावर पडते. महिन्याच्या महिन्याला निश्चित पैसा येणारा माणूस जामीन म्हणून सर्वांनाच हवा असतो.

कर्ज थकले की पहिली धमकी ऐकू येते ती ही, की ‘पेन्शनीवर जप्ती आणू.’ या धमकीत किती तथ्य आहे? १८७१ च्या पेन्शन कायद्याने असे ठरवून दिले आहे की, सरकारी पेन्शन सावकाराच्या मागणीसाठी कोणत्याही न्यायालयाला जप्त करता येत नाही. पुढे मिळावयाची पेन्शन आज दुसऱ्याच्या नावे लिहून दिली, तर तो लेखही त्याच कायद्याने रद्दबातल ठरतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमाने हेच संरक्षण पुन्हा दिले. आणि ‘मला हे संरक्षण नको’ असे कर्जदाराने लिहून दिले तरी तो करार निरर्थक मानला. नोकरीत असलेल्या जवानाचा पगार, भत्ते आणि हत्यारे यांना १९५० च्या सेना कायद्याने जप्तीपासून मुक्त ठेवले आहे.

प्रश्न उरतो तो खात्यात जमा झालेल्या पैशाचा. पैसा बँकेत पडला की तो इतर पैशासारखाच झाला, असा युक्तिवाद अनेक वर्षे होत असे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका बँकेच्या वसुलीच्या प्रकरणात निर्णय दिला की, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी यांचा पैसा मुदतठेवीत ठेवला म्हणून त्याचे मूळ स्वरूप पालटत नाही; त्याचे संरक्षण कायम राहते. अमेरिकेतही माजी सैनिकांचे भत्ते सावकारापासून मुक्त आहेत. २०११ पासून तेथील बँकांना, जप्तीचा हुकूम आला असता, मागील दोन महिन्यांत थेट जमा झालेली अशी रक्कम आपण होऊन बाजूला ठेवावी लागते. आपल्याकडे मात्र खातेदारालाच न्यायालयासमोर जाऊन, हा पैसा कोठून आला ते पासबुकासह दाखवावे लागते. जो गप्प बसतो त्याचे खाते अडकून राहते.

तथापि खरी गळती न्यायालयाच्या दारातून होत नाही. ती सहीतून होते. एखादा निवृत्त हवालदार खासगी सावकाराकडे एटीएमचे कार्ड आणि त्याचा गुप्त आकडा ठेवतो. कोऱ्या धनादेशांवर सह्या करतो. मराठी वाचणारा असूनही इंग्रजी किंवा कन्नड कागदावर, आतला मजकूर समजून न घेता, अंगठ्याएवढ्या जागेत नाव लिहितो. मग जप्तीची गरजच उरत नाही. पेन्शनीच्या तारखेला पैसे दुसराच काढून नेतो आणि घरधनीण दुकानदाराकडे उधारी मागते. जे न्यायाधीशाला करता येत नाही, ते सावकार एका कार्डाने करतो.

अशा जुलमाला आळा घालण्यासाठी कर्नाटक सरकारने २०२५ साली छोट्या कर्जांच्या जुलमी वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला. त्यात दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. रिझर्व्ह बँकेनेही २०२२ साली बँकांच्या वसुलीदारांना सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला दूरध्वनी करण्यास मनाई केली. परंतु कायदा तक्रार करणाऱ्याच्याच मदतीला येतो. सीमेवर छातीचा कोट करणारा माणूस कर्जाची गोष्ट निघाली की लाजेने बायकोलाही काही सांगत नाही. सावकाराचे खरे बळ त्या लाजेतच असते.

याचा अर्थ घेतलेले कर्ज बुडवावे असा नव्हे. शेतजमीन किंवा दुकान यांना पेन्शनीचे कवच नाही, आणि दिलेल्या शब्दाला तर कोणताच कायदा मुक्ती देत नाही. परंतु मोशेच्या नियमशास्त्रात एक जुनी आज्ञा आहे: कोणाचे जाते गहाण ठेवून घेऊ नये, कारण जाते नेणे म्हणजे माणसाचा जीवच नेणे. सैनिकाची पेन्शन हे त्याच्या घरातले जाते आहे. त्यावर दळलेल्या पिठातून कर्ज जरूर फेडावे. जाते मात्र उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नये. कार्ड घरात असावे, कोऱ्या कागदावर सही नसावी, जामीन राहण्यापूर्वी घरात विचारावे, आणि नोटीस आलीच तर ती उशीखाली न ठेवता त्याच आठवड्यात वकिलाला किंवा जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात दाखवावी. सरकारने दीडशे वर्षांपूर्वी लावलेली ही कडी आतूनच उघडता येते. ती उघडू न देणे घरच्या माणसांच्या हाती आहे.