‘साभार परत’ आल्यावर

(नवलेखकांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी काही साहित्याचा विद्यार्थी नाही. बी.ई. कॉम्प्युटर केलं, बारा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतोय आणि रात्री कथा लिहितो. आजवर सात कथा पूर्ण केल्या, त्यांतल्या दोन छापून आल्या. बाकी सगळा हिशेब नकारांचा. म्हणूनच आयोजकांनी मला हा विषय दिला असावा!

‘साभार परत’ हा शब्दप्रयोग जुना आहे. पूर्वी लेखक कथेसोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचे. कथा नापसंत झाली की त्याच पाकिटातून परत यायची. वाईट वाटायचं, पण निकाल कळायचा. आता आपण ईमेल करतो आणि बहुतेक वेळा काहीच उत्तर येत नाही. दिवाळी अंक बाजारात आल्यावर अनुक्रमणिकेत आपलं नाव शोधतो, तेव्हा समजतं.

माझी पहिली कथा मिरजेतल्या एका मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाची होती. मामू, त्यांचा भाचा आणि पाणीपट्टीवरून झालेलं भांडण. चार दिवाळी अंकांना पाठवली. तिघांनी उत्तरच दिलं नाही. चौथ्या संपादकांनी कळवलं, “पात्रं मुस्लिम वाटत नाहीत, जरा वातावरण आणा.”

राग आला, पण छापून यायची हाव त्याहून मोठी. मी कथेत बुरखा आणला, बिर्याणी आणली, शेवटी तलाकही आणला. मग आपाला वाचून दाखवली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ऐकून म्हणाली, “ये अपना घर नै रे. ये तो सीरियल है.”

मी ते सगळं काढलं आणि लिहिणंच सोडलं. दीड वर्ष! कुणी विचारलं की सांगायचो, “आपलं नाव बघूनच कथा बाजूला ठेवतात.” तसं कधीच होत नाही, असं मी आजही म्हणणार नाही. पण एकदा मी हेच आपाला ऐकवलं, तर ती म्हणाली, “वो ठीक है. पन पैले चार पन्नों में कुछ होताच नै, वो किसकी गलती?”

त्या संपादकांची सूचना चुकीची होती. माझी कथाही कच्ची होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि पहिलीच्या रागात मला दुसरी दिसलीच नाही. मला आज मुख्यतः हेच सांगायचंय.

ऑफिसात माझा कोड रोज कुणीतरी तपासतं. दहा ठिकाणी खुणा करून परत पाठवतं. मी दुरुस्त करतो, पुन्हा पाठवतो. त्यावरून माझी रात्रीची झोप उडत नाही. मग कथा परत आली की का उडते? कारण कोडमध्ये चुकलेली ओळ दाखवतात. कथेच्या नकारात ती दाखवत नाहीत आणि ती रिकामी जागा आपण स्वतःच भरतो, ‘मला लिहिता येत नाही’ किंवा ‘त्यांना मी नको आहे’. म्हणून तपासणारे दोन वाचक आधी आपणच शोधायचे. कौतुक करणारे नकोत. ‘इथं कंटाळा आला’ असं सांगणारे हवेत.

नकाराचं कारण दरवेळी कथेतच असतं असंही नाही. जॉर्ज ऑर्वेल यांची ‘ॲनिमल फार्म’ १९४४ साली लंडनच्या फेबर अँड फेबरकडे गेली. तिथे टी. एस. एलियट होते. त्यांनी लेखनाची तारीफ केली, पण त्यातला राजकीय दृष्टिकोन पटला नाही म्हणून पुस्तक नाकारलं. तेव्हा महायुद्ध चालू होतं आणि रशिया ब्रिटनचा मित्र होता. १९४५मध्ये दुसऱ्या प्रकाशकाने तेच पुस्तक काढलं. आपल्याकडे साठच्या दशकात प्रस्थापित मासिकांशी न जमणाऱ्या तरुणांनी सायक्लोस्टाइल करून लघुनियतकालिकं काढली. १९९०मध्ये सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेही आपल्या लिहिणाऱ्यांना जागा हवी होती म्हणूनच.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. दिवाळी अंकासाठी सप्टेंबरात कथा पाठवू नका, तोवर अंक भरलेला असतो. जून-जुलैपर्यंत पाठवा. व्हॉट्सॲपवर पानांचे फोटो नकोत, युनिकोडमध्ये टाइप केलेली फाइल द्या. एकच कथा एकाच वेळी चौघांना पाठवू नका. मी पाठवली होती. दोघांनी स्वीकारली असती तर दोघांसमोर खोटा पडलो असतो. तीन महिने थांबा, नम्रपणे एकदा विचारा, मग पुढच्या ठिकाणी पाठवा. आणि नकाराने खचलेला असाल तेव्हा ‘पैसे भरा, पुस्तक छापू’ असे फोन येतात. मलाही आला होता. त्या दिवशी ‘हो’ म्हणू नका. ज्या प्रती कुणी विकणारच नाही, त्या तुमच्याच पलंगाखाली पडून राहतात.

मामूच्या कथेची पहिली चार पानं मी कापली. ती आणखी दोन ठिकाणांहून परत आली. तिसरीकडे छापली, वातावरण न वाढवता. आपाने अंक शाळेत नेला.

गेल्या आठवड्यात आणखी एक कथा परत आलीय. संध्याकाळभर मी कुणाशी बोललो नाही. तेवढी संध्याकाळ तुम्हीही घ्या. दुसऱ्या दिवशी मात्र फाइल उघडा.