कृष्णविवराच्या उपमेची दुरुस्ती



गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानात मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने आकाशाचा विषय घ्यावा, याचे आपणांस नवल वाटले असेल. गुरुजी आम्हांला विज्ञान शिकवीत, आणि त्यांच्या स्मृतीपुढे मला एक चूक कबूल करावयाची आहे. अलंकार शिकवताना मी कित्येक वर्षे माणसाच्या लोभाला कृष्णविवराची उपमा दिली : जवळ येईल ते सारे गिळणारे. उपमा विद्यार्थ्यांना आवडे. ती खरी आहे का, हे मी कधी तपासले नाही.

अश्मंत तारकासमूहात एनजीसी १०९७ ही सर्पिल दीर्घिका आहे. विल्यम हर्षेल यांनी ती १७९० मध्ये शोधली. ती सुमारे साडेचार कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. तिच्या केंद्रातील कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १४ कोटी पट असल्याचे २०१५ मध्ये चिलीतील आल्मा दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून आढळले. या दीर्घिकेच्या मधोमध ताऱ्यांचा लांबट दंड आहे. त्याच्या कडेने वायू आत वाहतो; पण तो थेट विवरात पडत नाही. सुमारे ५००० प्रकाशवर्षे व्यासाच्या वलयात तो साचतो, दाटतो, आणि तेथे नवे तारे जन्मतात.

असे का होते? गुरुजींनी एकदा वर्गात सुतळीला खडूपुसणे बांधून गरगरा फिरविले होते. सुतळी आत ओढली की ते अधिकच वेगाने फिरे. यालाच कोनीय संवेगाचे जतन म्हणतात. वायूचेही तसेच. आपला संवेग दुसऱ्या कोणाला दिल्याखेरीज त्याला केंद्राकडे सरकता येत नाही.

केंद्रापाशी पोचलेल्या वायूचे तरी काय होते? कर्कटक तारकासमूहातील सक्रिय दीर्घिका सुमारे १.४ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. जपानचे ताकुमा इझुमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये तिच्या अगदी अंतर्भागातील वायूचा हिशेब मांडला. आत येणाऱ्या वायूपैकी ३ टक्क्यांहूनही कमी वायू विवराला मिळतो. उरलेला बाहेर फेकला जातो. पण त्यातील बहुतेकाला निसटून जाण्याइतका वेग नसल्याने तो पुन्हा भोवतालच्या चकतीत परततो.

तेव्हा ती उपमा मी आज या व्यासपीठावरून मागे घेतो. माझ्या हाताखालून गेलेल्या ज्या शिक्षकांनी ती पुढे शिकविली असेल, त्यांनीही ती दुरुस्त करावी, ही विनंती.

आपल्या सीमाभागात मराठी टिकावी म्हणून आपण झटतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या मराठीतून आपण मुलांना जे सांगतो ते खरे असावे, ही काळजी मी पुरेशी घेतली नाही. भाषेच्या शिक्षकाने विज्ञानाच्या शिक्षकाला विचारावयास हवे होते. ते शेजारच्याच वर्गात होते. गुरुजी हयात असताना मी विचारले नाही, ही खंत माझ्यापाशी राहील.