युद्धनौकेचा आराखडा : मर्यादित साधनांतील निवड
(व्याख्यानाचा संपादित भाग)



साधने मर्यादित आणि गरजा अमर्याद, हे अर्थशास्त्राच्या पहिल्याच पाठातील विधान आहे. त्याचा प्रत्यय सर्वाधिक तीव्रतेने येतो तो संरक्षणसामग्रीच्या आराखड्यात. बंगळुरूजवळच्या येलहंका येथील हवाई दलाच्या तळावर १९९६ पासून साधारणतः दर दोन वर्षांनी ‘एरो इंडिया’ प्रदर्शन भरते. फेब्रुवारी २०२१ मध्ये याच प्रदर्शनात ८३ तेजस मार्क-१ए विमानांचा सुमारे ४८,००० कोटी रुपयांचा करार हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या हाती सोपवण्यात आला. अधिक मोठ्या व अधिक शक्तिशाली मार्क-२ची वाट पाहण्याऐवजी उपलब्ध आराखड्यातच सुधारणा करून विमाने लवकर मिळवावीत, असा हा निर्णय होता. तरीही आयात इंजिने उशिरा मिळाल्यामुळे पुरवठा लांबला. गुणवत्ता, वेळ, खर्च आणि स्वावलंबन या चौघांची ओढाताण येथे दिसते. युद्धनौकेच्या बाबतीत ती आणखी गुंतागुंतीची होते, कारण विमानांची संख्या शेकड्यांत मोजली जाते, तर एका वर्गातील नौका तीन-चारच असतात. पहिल्याच नौकेत झालेली चूक पुढे पुष्कळ वर्षे सोबत राहते.

जुन्या काळी बॅटलशिपचा आराखडा तोफा, चिलखत व वेग या तीन गोष्टींभोवती फिरत असे. यांपैकी एक वाढवली की दुसरी घटवावी लागे, अन्यथा नौकेचे वजन आणि किंमत वाढे. १९२२ च्या वॉशिंग्टन तहाने बॅटलशिपवर ३५,००० टनांची मर्यादा घातली, तेव्हा हा पेच आकड्यांतच बांधला गेला. ब्रिटनच्या ‘हूड’ या बॅटलक्रूझरने वेगाला प्राधान्य दिले होते. मे १९४१ मध्ये ‘बिस्मार्क’बरोबरच्या लढाईत ती स्फोटाने बुडाली आणि १,४०० हून अधिक खलाशांपैकी केवळ तिघे वाचले. आराखड्यातील तडजोडीची किंमत केवळ रुपयांत मोजली जात नाही, हे यावरून ध्यानात येते.

आज चिलखताची जागा क्षेपणास्त्रे, रडार आणि शत्रूला सहज न दिसण्याच्या क्षमतेने घेतली आहे. मूळ नियम मात्र बदललेला नाही. वेग दुप्पट करायचा तर इंजिनशक्ती साधारणतः आठपट लागते. रडार उंच बसवले तर दूरचे दिसते. पण वर वजन वाढले की नौकेचा समतोल बिघडतो. क्षेपणास्त्रे वाढवली तर इंधन, दारूगोळा किंवा खलाशांच्या राहण्याची जागा कमी होते.

मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या विनाशिका या संदर्भात विशेष अभ्यासनीय आहेत. ‘दिल्ली’ वर्गातील पहिल्या नौकेचा पायाभरणी समारंभ १९८७ मध्ये झाला आणि ती १९९७ मध्ये नौदलात दाखल झाली. तिच्याच सांगाड्यावर सुधारणा करून प्रकल्प १५-ए अंतर्गत ‘कोलकाता’, ‘कोची’ आणि ‘चेन्नई’ या नौका उभ्या राहिल्या. सांगाडा कायम ठेवून शस्त्रे व संवेदक नवे घेणे, हे दिसायला काटकसरीचे धोरण होते. प्रत्यक्षात मात्र ‘कोलकाता’ची बांधणी २००३ मध्ये सुरू होऊन ती ऑगस्ट २०१४ मध्ये दाखल झाली. तिच्यावरून बराक-८ क्षेपणास्त्राची पहिली चाचणी झाली ती डिसेंबर २०१५ मध्ये. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार या प्रकल्पाचा मूळ मंजूर खर्च सुमारे ३,५८० कोटी होता. तो ११,६६२ कोटी रुपयांवर गेला. पोलादाचा उशीर आणि बांधणी सुरू झाल्यावर बदललेल्या अपेक्षा ही त्यामागील प्रमुख कारणे होती. नौका आणि शस्त्र एकाच वेळी विकसित केल्यास एकाची दिरंगाई दुसऱ्यावर लादली जाते.

यातून धडा घेतला गेला. प्रकल्प १५-बी मध्ये मुख्यतः तोच सांगाडा ठेवून शत्रूच्या रडारला कमी दिसेल अशी रचना आणि अधिक स्वदेशी साहित्य यांवर भर देण्यात आला. हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेले डीएमआर-२४९ए हे देशी पोलाद वापरात आले. या वर्गातील चौथ्या ‘सूरत’ची बांधणी २०१९ मध्ये सुरू झाली आणि ती जानेवारी २०२५ मध्ये नौदलात सामील झाली. म्हणजे ‘कोलकाता’च्या तुलनेत निम्माच कालावधी लागला. एकच आराखडा पुनःपुन्हा बांधल्याने कारागिरांचे कौशल्य वाढते व वेळ वाचतो. अर्थशास्त्रात यालाच ‘अनुभवाचा लाभ’ म्हणतात.

तथापि, प्रत्येक पर्यायाची किंमत असते. या विनाशिकांची मुख्य गॅस टर्बाइने युक्रेनच्या मिकोलाइव्ह शहरातील उद्योगाची आहेत. २०२२ मध्ये ते शहर युद्धाच्या छायेत आले, तेव्हा इंजिनासाठी एकाच परकीय पुरवठादारावर विसंबण्यातील धोका उघड झाला. मुख्य तोफेबाबतही १२७ मिलिमीटरचा विचार असताना, खरेदी वेळेत न झाल्याने ७६ मिलिमीटरवर समाधान मानावे लागले. उत्तमाची वाट पाहत नौका गोदीत उभी ठेवण्यापेक्षा पुरेशा क्षमतेची नौका समुद्रात असणे श्रेयस्कर, असा हा व्यवहार होता.

खरा प्रश्न ‘सर्वोत्तम नौका कोणती?’ हा नसून ‘या पैशात, या मुदतीत देशाला कोणती नौका परवडते आणि तिच्यासाठी काय सोडावे लागते?’ हा आहे. सोडून दिलेल्या पर्यायाचे मूल्य म्हणजेच संधित्याग खर्च. चार विनाशिकांवर खर्च होणारे सुमारे ३५,८०० कोटी रुपये पाणबुड्या, सुरुंगशोधक नौका किंवा शाळा-रुग्णालये यांपैकी कशावर तरी खर्च होऊ शकले असते. असे असूनही सागरी सुरक्षेकडे दुर्लक्ष करता येत नाही, कारण आपला बहुतांश परदेशी व्यापार समुद्रमार्गेच होतो. म्हणूनच बांधणीपूर्वी अपेक्षा निश्चित करणे, त्या मध्येच न बदलणे आणि महत्त्वाचे सुटे भाग देशात घडवणे, या तीन गोष्टी तंत्रज्ञांइतक्याच अर्थनियोजकांच्याही जबाबदारीच्या आहेत. उद्या प्रशासनात येणाऱ्यांनी हा हिशेब आजच समजून घ्यावा. कारण फाइलवर निर्णयाला लागलेले प्रत्येक वर्ष शेवटी गोदीत उभ्या असलेल्या नौकेच्या आणि तिच्यावर जाणाऱ्या सुमारे ३०० खलाशांच्या खात्यात जमा होत असते.