ओळखपत्रापलीकडचा माणूस
(छायाचित्रकार संमेलन, नंदुरबार : स्वागताध्यक्षांचे भाषण)



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनापासून स्वागत करतो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी बालहुतात्मा शिरीषकुमार आणि त्याच्या चार सवंगड्यांनी ज्या गावात तिरंग्यासाठी गोळ्या झेलल्या, त्या गावात आपण जमलो आहोत. त्या पाचही जणांना प्रथम वंदन करतो.

आमचा जिल्हा वयाने लहान. १ जुलै १९९८ रोजी तो धुळ्यातून वेगळा झाला. उत्तरेच्या सीमेवर नर्मदा, सपाटीवर तापी आणि दोन्ही नद्यांच्या मध्ये सातपुडा. इथे दर दहा माणसांमागे जवळजवळ सात आदिवासी आहेत : भिल्ल, पावरा, मावची, कोकणी. सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा आणि घोड्यांचा बाजार, प्रकाशाला तापी-गोमाईचा संगम, वर तोरणमाळचे धुके. कॅमेऱ्याला इथे काही कमी पडत नाही. तरीही आमच्या माणसाचे बहुतेक दोनच फोटो बाहेर पोहोचतात. एक कुपोषित मुलाचा, दुसरा मोरपिसे लावून नाचणाऱ्या गड्याचा. दोन्ही खरे आहेत, आणि दोन्हींमध्ये माणूस अर्धाच आहे. उरलेला अर्धा माणूस कसा टिपायचा, हा आजच्या संमेलनाचा विषय आहे, असे मी मानतो.

देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. ओळखपत्राचा फोटो कसा लागतो, हे आपल्या धंद्यात प्रत्येकाला पाठ आहे. चेहरा समोर, डोळे उघडे, तोंड मिटलेले, मागे पांढरा पडदा आणि कुठेही सावली नको. हे नियम योग्यच आहेत, कारण एका माणसाला दुसऱ्यापासून वेगळे ओळखता यावे एवढेच त्या फोटोचे काम. माझ्यासारख्या स्टुडिओवाल्यांची घरे या पासपोर्ट साइज फोटोंवर चालली, आणि त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण हाच माणूस कशात रमतो, कशाने थकतो, कोणाकडे पाहिल्यावर त्याचा चेहरा उजळतो, हे त्या फोटोत येत नाही. ते आणायचे तर ओळखपत्राने बाहेर ठेवलेले सारे परत आत घ्यावे लागते. सावली हवी, मागची कुडाची भिंत हवी, हात हवेत, नजर थोडी दुसरीकडे गेली तरी चालेल. आणि सर्वांत आधी हवा वेळ.

मला जे सांगायचे आहे ते एवढेच. भाव फोटोत मागाहून ओतता येत नाही. तो समोर असतो. तो दिसू लागेपर्यंत थांबावे लागते, आणि समोरच्या माणसाने आपल्याला थांबू द्यावे लागते. तंत्र या थांबण्याच्या कामी यावे.

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. रात्रभर ढोल चालतो आणि होळी पहाटे पेटते. अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, कमरेला घुंगरू बांधलेले बुध्या नाचत असतात. तिथे फ्लॅश मारला की पांढरे ठिपके चुन्यासारखे सपाट दिसतात, आगीचा रंग मरतो आणि मागे काळा पडदा उरतो. म्हणून फ्लॅश पिशवीतच राहू द्या. मोठ्या अॅपर्चरची लेन्स लावा, आयएसओ वाढवा, दाणे दिसले तर दिसू द्या. कॅमेऱ्याचा मीटर चौकटीतला काळोख पाहून सगळेच उजळ करायला जातो आणि ज्वाळा पांढरीफटक होते. तेव्हा एक-दीड स्टॉप खाली या आणि आगीच्या उजेडातल्या त्वचेवर एक्स्पोजर बसवा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर कॅमेरा तो तांबूस रंग धुऊन काढील. व्हाइट बॅलन्स आधीच ठरवून ठेवा. शटर १/५०० ठेवले तर प्रत्येक पीस स्पष्ट येईल, पण नाच थांबलेला दिसेल. १/१५ वर आणून नाचणाऱ्याच्या लयीबरोबर कॅमेरा फिरवला, तर पाय आणि पिसे पसरतात, चेहरा जागेवर राहतो आणि ढोल ऐकू यावा असा फोटो होतो. दहांतले नऊ वाया जातात, दहावा टिकतो. आणि उजाडण्याआधी काही मिनिटे अशी येतात की आभाळाचा निळा उजेड आणि होळीचा नारिंगी उजेड समसमान होतात. त्या मिनिटांसाठी रात्रभर उभे राहावे.

पण एवढे जमले तरी काम निम्मेच झाले. तो बुध्या काही कार्यक्रमाचा कलाकार नाही. त्याने नवस केलेला असतो. होळीच्या आधीपासून तो जमिनीवर झोपतो, संयम पाळतो. त्याच्या अंगणात, कुणीतरी त्याच्या पाठीवर एकेक ठिपका उमटवत असताना त्याच्या चेहऱ्यावर जे असते, ते मैदानातल्या गर्दीत सापडत नाही. त्या अंगणात लांब लेन्स लावून शिरता येत नाही. तिथे आधी बिनकॅमेऱ्याचे जावे लागते, बसावे लागते, घरच्यांना विचारावे लागते. नको म्हणाले, तर नमस्कार करून परतावे लागते.

दुसरे उदाहरण आमच्या बाजारातले. नंदुरबारची लाल मिरची आपल्याला ठाऊक आहे. हंगामात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर नजर जाईल तिथवर मिरची वाळत पडलेली असते. हा फोटो सोपा वाटतो, आणि म्हणूनच फसतो. एवढा गडद लाल रंग डिजिटल सेन्सरला झेपत नाही. साध्या हिस्टोग्रामवर सारे ठीक दिसते. लाल रंगाचा वेगळा आलेख उघडला तर तो उजव्या काठावर आपटलेला असतो. मग मिरचीची सुरकुती, देठ, चमक सगळे जाऊन ढिगाच्या जागी नुसता लाल डाग उरतो. उपाय आहे : एक्स्पोजर थोडे खाली, फाइल रॉ, आणि सकाळचा तिरपा उजेड, म्हणजे प्रत्येक मिरचीला तिची सावली मिळते.

आता त्याच पथारीवर मिरची खालीवर करणाऱ्या बाईकडे पाहा. नाकावर रुमाल बांधलेला, डोळ्यांत पाणी, पदर घट्ट खोचलेला. रंगीत फोटोत पाहणाऱ्याची नजर मिरचीवरच खिळते, ती बाई शोभेपुरती उरते. हाच फोटो कृष्णधवल करून पाहा आणि लाल रंग गडद करड्याकडे न्या. ढीग मागे सरतात. पांढरा रुमाल, ओले डोळे आणि बोटे पुढे येतात. फोटो कोणाबद्दल आहे, हे मग ठरते. कृष्णधवल केल्याने फोटो आपोआप कलात्मक होत नाही. रंग जेव्हा माणसाला झाकतो तेव्हा तो काढावा, आणि काठीच्या होळीसारखा रंगच बोलत असेल तेव्हा त्याला हात लावू नये.

डार्करूमच्या दिवसांत आपण एन्लार्जरखाली हाताची सावली धरून चेहरा उजळ ठेवत होतो, कडा गडद करत होतो. म्हणून संगणकावरच्या संस्काराला माझा विरोध नाही. निगेटिव्हमध्ये जे होते ते वर आणण्यासाठी ती सावली होती. आज तोरणमाळच्या यशवंत तलावावर भलतेच आकाश बसवता येते, आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एका बोटाने पुसता येतात, आणि न काढलेला फोटोही यंत्र तयार करून देते. त्या सुरकुत्यांत आजीचे सारे आयुष्य आहे. त्या पुसणारा फोटो सुंदर होत नाही, तो गप्प होतो.

आपली परंपरा या कामात मोठी आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवत होते. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि तो रुजून वाढेपर्यंत एकेक चौकट टिपत 'अंकुराची वाढ' तयार केली. आपल्या चित्रपटकलेच्या मुळाशी एका छायाचित्रकाराचा असा धीर आहे. गौतम राजाध्यक्षांनी 'चेहरे'मध्ये कलावंतांचे भाव टिपले. संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांबरोबर आणि वारीबरोबर फिरून पुस्तके केली. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे समोर आणले; २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या शेजारी बडोद्याला ज्योती भट्ट यांनी लोककला आणि आदिवासी कला यांचे मोठे दस्तावेज उभे केले. यांतल्या कोणीही धावत्या भेटीत हे काम केलेले नाही.

अमेरिकेतली एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. १९३६ मध्ये डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या छावणीत एका आईचा फोटो काढला. मुले तिच्या खांद्यांना बिलगलेली, तिची नजर दूर. तो फोटो जगभर गेला. पण तो काढताना त्या बाईचे नाव विचारले गेले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळायला चाळीसहून अधिक वर्षे गेली, आणि त्या फोटोतून आपल्याला काहीच मिळाले नाही, ही खंत त्या बाईंनी बोलून दाखवली. फोटो थोर आहे, यात शंका नाही. नाव विचारले असते तर तो उणा झाला नसता.

फोटोतल्या माणसाला त्या फोटोतून काय मिळते, हा प्रश्न आमच्यासाठी दूरचा नाही. सरदार सरोवराच्या बुडितात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे आली. मणिबेलीसारख्या गावांतली घरे, शेते, देवस्थाने पाण्याखाली गेली. त्याआधी काढलेल्या एखाद्या फोटोत घराची चौकट, धान्याची कणगी आणि दारातला मोह दिसत असेल, तर त्या कुटुंबाला ते आता फक्त तिथेच भेटते. काढणाऱ्याने मागची पार्श्वभूमी धूसर करून नुसता चेहरा उठवला असता, तर घर दुसऱ्यांदा बुडाले असते. म्हणून लेन्स पूर्ण उघडी ठेवायची की नाही, हा प्रश्नही कधी कधी नीतीचा असतो.

स्वागताध्यक्ष या नात्याने पाहुण्यांकडे मागणे मागायचा मला हक्क आहे, असे समजून तीन गोष्टी मागतो. पहिली : आमच्या जिल्ह्यात ज्याचा फोटो काढाल, त्याचे नाव, गाव आणि काम लिहून घ्या, ते फोटोखाली छापा, आणि एक प्रिंट त्याच्या घरी पोहोचवा. दुसरी : होळी-यात्रा सोडून एकदा पेरणीत या, एकदा उन्हाळ्यात या, जेव्हा कोणी नटलेले नसते. तिसरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पाड्यावरच्या मुलामुलींच्या हातात आज मोबाइल आहे. आपल्या आईचा भाकरी थापतानाचा फोटो ती जशी काढतील, तसा आपल्यापैकी कोणालाही काढता येणार नाही, कारण ती आई त्यांच्यासमोर बुजत नाही. त्यांना उजेड वाचायला शिकवा, चौकट बांधायला शिकवा, आणि मग त्यांनी काय दाखवायचे हे त्यांचे त्यांना ठरवू द्या. या दोन दिवसांतल्या कार्यशाळांमध्ये पुढच्या रांगा त्यांच्यासाठी ठेवल्या आहेत.

राहण्या-जेवणाच्या सोयीत काही उणे राहिले तर सांभाळून घ्या. आमचे कार्यकर्ते हाकेच्या अंतरावर आहेत.  भरपूर पाहा, मोकळेपणाने वाद घाला, एकमेकांच्या फोटोंवर खरे बोला, आणि जाताना आमच्या माणसांचे पूर्ण फोटो घेऊन जा. 

जय हिंद, जय महाराष्ट्र!