गिधाडे, गुरांचे औषध आणि माणसांचे आरोग्य

भारतीय उपखंडातील गिधाडांचा ऱ्हास हा बरीच वर्षे पक्षिप्रेमींच्या हळहळीपुरता विषय राहिला. परंतु पशुवैद्यक, विषशास्त्र आणि अर्थशास्त्र या शाखांतील गेल्या दोन दशकांचे संशोधन एकत्र वाचले, तर तो मुळात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, असे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

ऐंशीच्या दशकात पांढऱ्या पाठीचे गिधाड हे जगातील मोठ्या शिकारी पक्ष्यांत बहुधा सर्वांत विपुल मानले जाई. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी त्या दशकात केलेली मोजणी नव्वदच्या दशकात पुन्हा केली, तेव्हा तेथील गिधाडे जवळजवळ नाहीशी झाल्याचे आढळले आणि १९९९ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढील गणनांवरून १९९२ ते २००७ या काळात भारतातील या जातीची संख्या ९९.९ टक्क्यांनी, तर लांब चोचीच्या व निमुळत्या चोचीच्या गिधाडांची संख्या सुमारे ९७ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. प्रारंभी संशय एखाद्या विषाणूवर होता, कारण मान खाली टाकून बसलेले आणि पुढे मरून पडणारे पक्षी साथीच्या रोगाने ग्रासल्यासारखे दिसत.

उलगडा झाला तो पाकिस्तानात. लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील मृत गिधाडांची तपासणी केली असता, अनेकांच्या अंतर्गत अवयवांवर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर आढळला. पक्षी शरीरातील नको असलेला नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपाने बाहेर टाकतात. मूत्रपिंडे निकामी झाली की ते रक्तात साचते आणि यकृत, हृदय यांवर त्याचे स्फटिक जमतात. असा थर असलेल्या २५ पैकी २५ पक्ष्यांत डायक्लोफेनॅक सापडले, आणि अन्य कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकाही पक्ष्यात ते सापडले नाही. माणसांच्या सांधेदुखीवरील हे परिचित वेदनाशामक नव्वदच्या दशकात स्वस्त होऊन गुरांच्या सूज-तापावर सर्रास टोचले जाऊ लागले होते. २००४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हा शोधनिबंध आला; वन्य प्राण्यांच्या ऱ्हासाचे कारण क्वचितच इतक्या निर्विवादपणे सिद्ध झाले असेल.

तरीही एक शंका उरते: बहुसंख्य गुरांना हे औषध कधीच टोचले गेले नव्हते, मग एवढा संहार कसा झाला? याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. गिधाड सरासरी तीन दिवसांतून एकदा पोटभर खाते असे धरले, तर वर्षाकाठी ते सुमारे १२० मृत जनावरांवर बसते. दर दोनशे जनावरांमागे एकात जरी मारक मात्रा असली, तरी वर्षभरात शंभरातील सुमारे ४५ पक्ष्यांची एखाद्या विषारी जनावराशी गाठ पडते. प्रत्यक्ष गणनेतही २००० नंतर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घट वर्षाला ४० टक्क्यांहून अधिक होती, आणि एक टक्क्याहूनही कमी मृत जनावरे दूषित असणे या ऱ्हासाला पुरेसे ठरते, असे शास्त्रीय प्रारूपांनीही दाखवले. एका जनावरावर अनेक गिधाडे तुटून पडतात आणि मादी वर्षातून एकच अंडे घालते, हे लक्षात घेता ही हानी भरून येणे शक्यच नव्हते.

गिधाडे गेली, पण गुरे मरायची थांबली नाहीत. गावाबाहेर टाकलेले जनावर पूर्वी काही तासांत हाडांपुरते उरत असे. आता ते सडत राहिले, त्यावर मोकाट कुत्री पोसली गेली आणि त्यातील जंतू पाण्यात उतरले. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गिधाडांना अनुकूल अधिवास असलेल्या जिल्ह्यांची तुलना तसा अधिवास नसलेल्या जिल्ह्यांशी केली. औषधाचा प्रसार होण्यापूर्वी दोन्हींकडील मृत्युदरांचा कल सारखाच होता. नंतर मात्र पहिल्या गटात माणसांचा मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला, आणि २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख अतिरिक्त मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे. हा अंदाज आहे, मृत्यूंची प्रत्यक्ष नोंद नव्हे, हे विसरता कामा नये. परंतु त्याच जिल्ह्यांत रेबीजच्या लसींची विक्री वाढली आणि पाण्याची प्रत खालावली, त्यामुळे तो झटकून टाकण्याजोगा नाही. मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करण्याच्या शतकानुशतकांच्या अंत्यविधीसाठी मुंबईतील डुंगरवाडीत पारशी समाजाला सौर संकेंद्रकांचा आधार घ्यावा लागला, हाही याच ऱ्हासाचा परिणाम होय.

शासकीय उपाययोजनेचा इतिहास मात्र फारसा उत्साहवर्धक नाही. गुरांसाठीचे डायक्लोफेनॅक भारतात २००६ साली बंद झाले. त्यानंतर माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचू लागल्या, म्हणून २०१५ साली कुपीचा आकार तीन मिलिलिटरपुरता मर्यादित करावा लागला. ॲसिक्लोफेनॅक हे वेदनाशामक गाईम्हशींच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफेनॅकमध्येच रूपांतरित होते, तरीही त्यावर आणि गिधाडांना तसेच घातक असलेल्या किटोप्रोफेनवर बंदी यायला २०२३ साल उजाडले. युरोपनेही यातून फारसा धडा घेतला नाही, कारण सर्व पुरावा समोर असताना स्पेनने २०१३ साली गुरांसाठी डायक्लोफेनॅकला मान्यता दिली. औषध आधी बाजारात, पक्ष्यांचे मरण मागाहून आणि बंदी सर्वांत शेवटी, हा क्रम उलटा केल्याखेरीज हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रातील गिधाडे ताडोबा-पेंचच्या जंगलांत आणण्याचा खटाटोप फळास येणार नाही. गुरांसाठीच्या प्रत्येक नव्या वेदनाशामकाची मृतभक्षक पक्ष्यांवर चाचणी झाल्याशिवाय त्याला परवानाच मिळू नये.

मेलॉक्सिकॅम हे परिणामकारक आणि गिधाडांना निर्धोक औषध २००६ पासून सिद्ध आहे, त्यात आता टोल्फेनॅमिक ॲसिडची भर पडली आहे. आजारी जनावराला सुई टोचली जात असताना ती कोणत्या औषधाची आहे हे पशुपालकांनी विचारावे, आणि या दोहोंपैकीच एकाचा आग्रह धरावा.