काळे आधी की कावळे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम कुठल्याही संगणकावर न्या, पुन्हा कंपाइल करा, तो चालतोच, असं आपण सर्रास म्हणतो. हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण चालणं वेगळं आणि सगळीकडे सारखंच उत्तर देणं वेगळं.

सी भाषा मुळात आटोपशीर. शब्दांची तुलना करणं, यादी क्रमाने लावणं ही कामं तिच्यासोबतची स्टँडर्ड लायब्ररी करते. तिचे नियम १९८९ साली अमेरिकेत आणि १९९० साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरले. नियम एकच, पण ते पाळणाऱ्या लायब्ररी अनेक. उबुंटूमध्ये ग्लिबसी, अल्पाइन लिनक्समध्ये मसल, विंडोजवर मायक्रोसॉफ्टची. शिवाय काही गोष्टी नियमांनीच ज्याच्या त्याच्यावर सोडल्या आहेत. वर्णक्रम ही त्यांतली एक.

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागलं, की आमचं मुर्धा गाव लागतं. इकडच्याच एका पतपेढीची तक्रार माझ्याकडे आली. सभासदांची यादी कार्यालयातल्या संगणकावर तयार व्हायची, शोध मात्र दुसऱ्या, भाड्याच्या संगणकावर चालायचा. काळे आडनावाच्या एका बाईंना ‘तुमचं नाव सापडत नाही’ असं उत्तर मिळालं. छापील यादीत नाव ठळक होतं!

आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर. युनिकोडच्या तक्त्यात मात्र तो ल आणि व यांच्या मध्ये बसवला आहे. म्हणून मराठी क्रमाने कावळे आधी, काळे नंतर. तक्त्याच्या क्रमाने काळे आधी, कावळे नंतर. स्ट्रकोल नावाचं फंक्शन स्थानिक भाषेच्या क्रमाने तुलना करतं. कार्यालयातल्या संगणकावर मराठी क्रम बसवलेला होता. दुसऱ्यावर मसल होती आणि तिचं स्ट्रकोल निव्वळ बाइट तपासतं. शोधणारा प्रोग्रॅम यादी मधोमध उघडून ‘अलीकडे की पलीकडे’ असं ठरवत जातो. त्याला मध्ये कावळे दिसले, काळे त्याच्या आधी असणार असं समजून तो अलीकडे वळला. नाव पलीकडे होतं.

लायब्ररी तीच ठेवली म्हणजे सुटलो, असंही नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लिबसीची २.२८ ही आवृत्ती आली आणि तिच्यात अनेक भाषांचे क्रम बदलले. पोस्टग्रेस या डेटाबेसमधल्या जुन्या क्रमाने लावलेल्या अनुक्रमणिका त्यामुळे बिघडल्या. त्या नव्याने बांधाव्या लागल्या.

यादी लावणाऱ्या क्यूसॉर्टचीही अशीच गंमत. एकाच नावाच्या दोन सभासदांत आधी कोण, हे नियम सांगत नाही. ग्लिबसीत बहुतेक वेळा त्यांचा मूळ क्रम टिकतो, मसलमध्ये टिकेलच असं नाही. एकाच संगणकावर तपासणाऱ्याला हे कळणारही नाही.

मग करायचं काय? साठवायची यादी स्ट्रसीएमपीने, म्हणजे साध्या बाइटच्या क्रमाने लावावी. यूटीएफ-८ मध्ये तो क्रम सगळीकडे सारखाच येतो. शोधही त्याच क्रमाने घ्यावा. मराठी क्रम फक्त छापताना आणि पडद्यावर दाखवताना वापरावा. नाव सारखं असेल तर सभासद क्रमांकाने निवाडा करावा. सेटलोकेलने होकार दिला, एवढ्यावर विसंबू नये. प्रोग्रॅम सुरू होतानाच काळे आणि कावळे यांची तुलना करून पाहावी. आणि निदान दोन वेगळ्या लायब्ररींवर प्रोग्रॅम चालवून उत्तरं ताडून पाहावीत.

ही कामं अर्ध्या दिवसाची आहेत. पण ती टाळली, तर संगणक चूक दाखवत नाही, बंदही पडत नाही. शांतपणे ‘नाव नाही’ म्हणतो. आणि खिडकीपलीकडे पासबुक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला आपण सभासद आहोत, हे सिद्ध करत बसावं लागतं.