स्मरणाचे दप्तर



इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. जुन्या वाड्यांतून वाळवीच्या तोंडी पडलेली दप्तरे सोडविण्यासाठी त्यांनी गावोगाव पायपीट केली. कागद गेला की त्यातील साक्षही जाते, हीच त्या धडपडीमागची तळमळ होती. परंतु ज्यांच्या घरी दप्तरच नव्हते, त्यांच्या इतिहासाचे काय? गिरणीत राबणारा कामगार, खानावळ चालविणारी स्त्री, फाळणीच्या वेळी नेसत्या वस्त्रानिशी निघालेले कुटुंब यांचे दप्तर त्यांच्या स्मरणातच असते आणि ते माणसाबरोबर संपते. ते वेळीच टिपून घेण्याचे शास्त्र म्हणजे मौखिक इतिहास. आणि सविस्तर जीवनकथन हे त्याचे मुख्य साधन होय.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. स्मरणशक्ती दगा देते, मग अशा कथनावर विसंबावे कसे? इटलीतील तेर्नी या पोलादनगरीचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. इटलीने ‘नाटो’ करारात सामील होऊ नये, यासाठी तेथील कामगारांनी १७ मार्च १९४९ रोजी निदर्शने केली. त्या वेळी पोलिसांशी झालेल्या चकमकीत लुइजी त्रास्तुल्ली हा एकवीस वर्षांचा कामगार ठार झाला. पुढे अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी वृद्ध कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा अनेकांनी हा मृत्यू १९५३ मधील असल्याचे सांगितले. त्या वर्षी पोलाद कारखान्यातून दोन हजारांहून अधिक कामगार काढून टाकण्यात आले होते आणि रस्त्यांवर संघर्ष पेटला होता.

कागदपत्रांवरून ही चूक तत्काळ उघड होते. पण पोर्तेल्ली तेथे थांबले नाहीत. इतकी माणसे एकाच दिशेने का चुकली, असा प्रश्न त्यांनी विचारला. सहकाऱ्याच्या मृत्यूनंतर आपण काही करू शकलो नाही, हा सल कामगारांच्या मनात राहिला होता. म्हणून स्मृतीने तो मृत्यू उचलून त्यांच्या जीवनातील सर्वांत मोठ्या लढ्यात नेऊन ठेवला. घटना केव्हा घडली हे कागदाने सांगितले. ती माणसांना किती जिव्हारी लागली हे त्या चुकीने सांगितले. इतिहासाला या दोन्ही साक्षी हव्यात.

आपल्याकडे मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी मुंबईच्या गिरणगावाचा असा मौखिक इतिहास २००४ मध्ये ग्रंथरूपाने सिद्ध केला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, हे सरकारी नोंदींत सापडते. मात्र चाळीतल्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसे, गावाकडे जाणारी मनीऑर्डर आणि पगार थांबल्यावर घरोघरी झालेली ओढाताण समजण्यासाठी ज्यांनी ते भोगले त्यांच्यासमोरच बसावे लागते.

असे बसण्यालाही शिस्त आहे. प्रथम त्या काळाचे वाचन करावे. मुलाखतीचा हेतू सांगून संमती घ्यावी. ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर संपणारे प्रश्न टाळावेत. सन आठवत नसल्यास ‘बाहत्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?’, ‘थोरल्याचा जन्म झाला होता का?’ असे विचारावे. सांगणारा थांबला तर घाईने पुढचा प्रश्न टाकू नये; कित्येकदा खरी गोष्ट त्या स्तब्धतेनंतरच येते. मध्येच चूक दुरुस्त करू नये. पडताळणी नंतर कागदपत्रांशी आणि इतरांच्या कथनाशी करावी. बोललेले शब्द बोलीसह जसेच्या तसे उतरावेत आणि जे उघड करू नये असे सांगितले गेले, ते उघड करू नये. विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही ठेव असते.

संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे. फाळणी प्रत्यक्ष पाहिलेले तर फार थोडे उरले आहेत. घरातील आजी-आजोबा तीच गोष्ट पुन्हा सांगू लागले की ‘ऐकली आहे’ म्हणून घरातली माणसे उठून जातात. त्यांनी एकदा वही घेऊन समोर बसावे. राजवाड्यांना काही दप्तरे जीर्ण अवस्थेत तरी मिळाली. स्मरणाचे दप्तर तेवढेही मागे उरत नाही.